कर्वेनगरकरांनो, तिकीट ग्रुपवर टाकू नका!

सर्व रहिवासी, वसतिगृहांतील विद्यार्थिनी, खोल्या घेऊन राहणारी मुले-मुली, ज्येष्ठ नागरिक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांना तातडीचे आवाहन



दिवाळी तोंडावर आली आहे. गावी जाणाऱ्यांची आरक्षणे कधीच झाली, त्यातल्या काहींचे बेत आता बदलले, आणि सोसायटीच्या, कॉलेजच्या, मेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीचे मेसेज सुरू झाले आहेत. 'नागपूरचं एक कन्फर्म स्लीपर आहे, कुणाला हवंय का?' 'शनिवारच्या शोची दोन तिकिटं आहेत, घेतली त्याच किमतीत देतो.' खाली लगोलग तिकिटाचा स्क्रीनशॉट. देणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे नसते; आपले वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावे, एवढाच हेतू. पण त्या एका स्क्रीनशॉटपायी कुणी गेटवर ताटकळतो, कुणाला रेल्वेत दंड भरावा लागतो आणि कुणाचे पैसे हातोहात भामट्याच्या खात्यात जातात.

म्हणून पुढचे वाचण्याआधी ही चार कामे करा.

१. तुम्ही एखाद्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो, क्यूआर कोड किंवा पीएनआर क्रमांक टाकला असेल तर तो आत्ता काढून टाका. वेळ उलटून गेल्यामुळे तुम्हाला सर्वांसाठी डिलीट करता येत नसेल, तर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगा. त्याला ते करता येते.

२. रेल्वेचे आरक्षित तिकीट घराबाहेरच्या माणसाला देणार असाल तर तो विचार सोडा आणि तिकीट रद्द करा. घरातल्याच कुणाला द्यायचे असेल तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी रेल्वेकडे अर्ज करा.

३. ओळख ना पाळख अशा विक्रेत्याला तिकिटासाठी एक रुपयाही आगाऊ पाठवू नका. 'टोकन' म्हणून शंभर रुपयेसुद्धा नाहीत.

४. पैसे गेलेच असतील तर हे आवाहन बाजूला ठेवा आणि १९३० या क्रमांकावर आधी फोन लावा.

आता यामागची कारणे.

गेटला तुमचे नाव कळत नाही, कोड कळतो

गरवारे कॉलेज मेट्रो स्थानकावर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिलात तर हा प्रकार दिसेल. एकाने मोबाइलवर तिकीट काढलेले असते आणि 'तू पुढे हो' म्हणत तेच मित्राला पाठवलेले असते. मित्र कोड दाखवतो, गेट उघडते, तो आत जातो. मागून तिकीट काढणारा स्वतः येतो, तोच कोड दाखवतो, आणि गेट ढिम्म हलत नाही. मागे रांग खोळंबते, लोक चुकचुकतात, आणि हा 'अहो, पैसे मीच भरलेत' असे कर्मचाऱ्याला सांगत बसतो. त्याचे म्हणणे खरे असते, पण यंत्राच्या लेखी ते तिकीट वापरून झालेले असते. बाहेर पडतानाही तोच कोड लागतो, म्हणजे जो आत गेला त्याच्याच मोबाइलमध्ये तो शाबूत हवा.

सिनेमा, नाटक, क्रिकेट, गाण्याचा कार्यक्रम, सगळीकडे हेच चालते. क्यूआर कोडच्या शंभर प्रती काढल्या तरी प्रवेश एकालाच, आणि तो जो आधी पोहोचेल त्याला. तीनशे माणसांच्या ग्रुपवर तुम्ही तो कोड टाकलात, तर तीनशे जणांना तुमच्या आधी पोहोचण्याची मुभा दिलीत. कोण पोहोचले, हे नंतर शोधूनही सापडत नाही.

तिकीट खरोखर दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय असेल तर ती त्या अ‍ॅपमध्येच असते. तुम्ही समोरच्याचा मोबाइल क्रमांक घालता, तुमच्याकडचे तिकीट तुमच्या खात्यातून जाते आणि त्याच्या खात्यात दिसू लागते. बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांत कोड ठरावीक वेळाने बदलत राहतो किंवा कार्यक्रमाच्या थोडे आधीच दिसू लागतो. तिथे काल काढलेला स्क्रीनशॉट आज कवडीच्या मोलाचा. तेव्हा अ‍ॅपमध्ये हस्तांतराची सोय आहे का, ते आधी पाहा. नसेल आणि चार मित्रांची तिकिटे एकाच मोबाइलवर असतील, तर चौघांनी मिळून एकदमच आत जावे. कोड पाठवायचाच झाला तर एका माणसाला, त्याच्या वैयक्तिक क्रमांकावर पाठवावा आणि 'आता हा तुझा, मी वापरणार नाही' असे स्पष्ट लिहावे.

रेल्वेचे तिकीट: पाठवणे वेगळे, देणे वेगळे

या बाबतीत सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

तुमच्या खात्यावरून तुम्ही आईचे, मावशीचे किंवा मैत्रिणीचे तिकीट काढू शकता. आडनाव वेगळे असले तर तुरुंगात टाकतात, अशी आवई २०२४ च्या जूनमध्ये समाजमाध्यमांवर उठली होती. रेल्वेने तेव्हाच तिचा इन्कार केला. नातेवाईक आणि मित्रांसाठी तिकीट काढण्यात गैर काही नाही. त्याचा धंदा करण्यात आहे. आईचे तिकीट तुम्ही काढले आणि आई एकटी निघाली, तर तिला तिकिटाचा एसएमएस किंवा पीडीएफ पाठवा आणि मूळ ओळखपत्र पर्समध्ये आहे ना, ते विचारा. तिकीट तिच्याच नावावर आहे, तेव्हा काम झाले.

पण तिकीट रोहनच्या नावावर आणि प्रवास करणार समीर, हे चालत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४२ प्रमाणे आरक्षित तिकीट दुसऱ्याला प्रवासासाठी विकणे किंवा नुसते देणेही गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. घेणाऱ्याचे तिकीट जप्त होते आणि तो विनातिकीट प्रवासी ठरतो. म्हणजे रोहनने 'फुकट घे रे' म्हणून दिले तरी समीरला गाडीत भाडे आणि दंड दोन्ही भरावे लागणार. दिवाळीच्या गर्दीत, सामानसुमानासह, मध्यरात्री दौंड किंवा मनमाडला ही वेळ येणे म्हणजे काय, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. वाटेत काही बरेवाईट झाले तर रेल्वे घरच्यांना शोधते ती यादीतल्या नावावरून. तिकीट काढताना घेतलेला विमाही यादीतल्या नावाचा असतो. समीरच्या आईवडिलांपर्यंत बातमी कशी पोहोचणार आणि भरपाईसाठी त्यांनी कोणता कागद दाखवायचा?

घरच्या माणसाला कन्फर्म तिकीट देण्याची सोय मात्र रेल्वेने केलेली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती आणि पत्नी, एवढीच नाती यात धरली जातात. काका, आत्या, चुलतभाऊ, वहिनी नाहीत. गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण केंद्रात लेखी अर्ज द्यावा लागतो. सोबत ई-तिकिटाची छापील प्रत, तिकिटावर नाव असलेल्याचे ओळखपत्र, ज्याच्या नावे करायचे त्याचे ओळखपत्र आणि नाते सिद्ध करणारा कागद न्यावा. रेशनकार्ड असल्यास तेही घ्या, एकाच कागदावर घरातली सगळी नावे असतात. नाव एकदाच बदलून मिळते. हे काम मोबाइलवर होत नाही, प्रत्यक्ष जावे लागते. आपल्याला सोपा मार्ग म्हणजे नळ स्टॉप किंवा गरवारे कॉलेजहून मेट्रोने थेट पुणे रेल्वे स्थानक.

शिक्षणसंस्थांसाठीही तरतूद आहे. विद्यार्थ्यांचा गट सहलीला किंवा स्पर्धेला निघाला असेल आणि एखाद्याला ऐनवेळी जमत नसेल, तर प्राचार्यांनी ४८ तास आधी लेखी विनंती केल्यास त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव लागू शकते. लग्नाच्या वऱ्हाडालाही अशीच सवलत आहे. वऱ्हाडप्रमुखाने ४८ तास आधी अर्ज करावा. मात्र गटातल्या एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंतच नावे बदलतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा वरपक्षाने आणि वधूपक्षाने हे आत्ताच टिपून ठेवावे.

या नात्यांत बसत नसाल तर सरळ तिकीट रद्द करा. थोडे पैसे कापले जातील, पण ती जागा प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी रीतसर मिळेल. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. सणाची तिकिटे मिनिटांत संपतात, आणि रद्द झालेल्या प्रत्येक जागेकडे कुणीतरी डोळे लावून बसलेले असते. जितक्या लवकर रद्द कराल तितके तुमचे नुकसान कमी आणि दुसऱ्याची सोय जास्त.

आपल्या भागातल्या काही तरुणांनाही एक सांगणे आहे. चार-पाच खाती उघडून सणाची तिकिटे काढून ठेवायची आणि 'वरचे दोनशे' घेऊन विकायची, हा उद्योग कुणी करत असेल तर आजच थांबवा. कलम १४३ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. 'कायदा जुना आहे, तो खिडकीवरच्या तिकिटांना लागू, ई-तिकिटांना नाही' हा बचावही आता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ च्या निकालात हे कलम ई-तिकिटांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले आहे.

लोणावळा लोकलने रोज जाणाऱ्यांसाठी एवढेच की मोबाइलवर काढलेले अनारक्षित तिकीट आणि पास अ‍ॅप उघडूनच दाखवावा लागतो. भावाच्या पासचा स्क्रीनशॉट तपासनिसापुढे चालणार नाही.

एसटी, ट्रॅव्हल्स, विमान

एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास. सवलत माणसाला असते, आसनाला नाही. आजीच्या नावावर काढलेल्या तिकिटावर नातवाला बसवू नका. वाहकाला ओळखपत्र मागण्याचा अधिकार आहे.

खासगी ट्रॅव्हल्सचे तिकीट दुसऱ्याला द्यायचे असेल तर बस सुटण्याआधी कंपनीला फोन करून नाव आणि मोबाइल क्रमांक बदलून घ्या. गाडी वारज्याला थांबणार की चांदणी चौकात, हे सांगणारा फोन त्याच क्रमांकावर येतो. तो तुमच्याकडे वाजत राहिला तर रस्त्यावर उभ्या असलेल्याची बस गेलीच म्हणून समजा.

विमानाचे तिकीट दुसऱ्याच्या नावे होत नाही. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला ठेवण्याची हौस मात्र आवरा. त्यावरचा पीएनआर आणि तुमचे आडनाव, एवढ्यावर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तुमचे बुकिंग कुणालाही उघडता येते.

कार्यक्रमांची तिकिटे आणि 'अर्जंट सेल'

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या काकडे फार्मवर दिलजीत दोसांझचा कार्यक्रम झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या जानेवारी २०२५ च्या कार्यक्रमांची तिकिटे विक्रीला आली. मूळ किंमत २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. बाहेर तीच तिकिटे लाखांच्या भावाने विकायला निघाली. या दोन्ही कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीतल्या गैरप्रकारांबद्दल सक्तवसुली संचालनालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईसह पाच शहरांत छापे घातले. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून तिकिटे, त्यात बनावटही, विकली जात असल्याचे त्या तपासात पुढे आले. तेव्हा आपल्या ग्रुपवर येणारा मेसेज भोळाभाबडाच असेल, असे धरून चालू नका.

असा मेसेज कसा असतो, ते नीट पाहा. 'अर्जंट! बहिणीचे ऑपरेशन आहे म्हणून जाता येत नाही. दोन तिकिटे, निम्म्या किमतीत.' सोबत अर्धवट झाकलेला क्यूआर कोड, म्हणजे खरेपणाचा भास होतो आणि पडताळणीही करता येत नाही. आणखी पुरावा मागितला की बुकिंगच्या ईमेलचा फोटो येतो. तो बनवायला दहा मिनिटे पुरतात. मग घाई सुरू होते: 'अजून तिघे विचारताहेत, आत्ता निम्मे पाठवा, तिकीट लगेच ट्रान्सफर करतो.' तुम्ही पाठवता. मग 'ट्रान्सफर फी', मग 'रिफंडेबल डिपॉझिट'. शेवटी क्रमांक ब्लॉक. कधी कधी तिकीट खरेही असते, पण तेच एक तिकीट वीस जणांना विकलेले असते, आणि हे तुम्हाला कळते ते प्रवेशद्वारावर, घरच्यांसमोर.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हस्तांतर अधिकृत अ‍ॅपमधून तुमच्या खात्यात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तुम्ही विकणारे असाल आणि समोरचा 'हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणाला, तर तो चोर आहे. आणि तिकीट म्हणून एपीके फाइल आली तर ती उघडू नका. तिकीट पीडीएफ असते, दुवा असतो, अ‍ॅपमधली नोंद असते. एपीके म्हणजे तुमच्या मोबाइलमध्ये घुसणारा प्रोग्रॅम.

रेल्वेबद्दलची तक्रार समाजमाध्यमांवर लिहिताना पीएनआर आणि फोन क्रमांक जाहीर टाकू नका. तासाभरात 'कस्टमर केअर'मधून बोलतोय म्हणून फोन येतो आणि परताव्याच्या नावाखाली खाते रिकामे होते. चौकशी आणि तक्रारीसाठी रेल्वेचा अधिकृत क्रमांक १३९ आहे.

दिवाळी पहाटच्या प्रवेशिका

हा खास आपला पुणेरी प्रश्न. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांना प्रवेशिका बऱ्याचदा मोफत असतात आणि हल्ली त्या फोटो किंवा पीडीएफ म्हणून येतात. एकाला मिळाली की ती आत्याला, आत्याकडून भिशीच्या ग्रुपला, तिथून हास्यक्लबला. पहाटे साडेपाचला दारात तीनशे खुर्च्यांसाठी हजार माणसे, प्रत्येकाच्या हातात तीच प्रवेशिका, आणि पैठणी नेसून आलेल्या सत्तरीच्या आजी बाहेर उभ्या. फुकट आहे म्हणून पुढे ढकलू नका. आयोजकांनाही विनंती आहे की प्रत्येक प्रवेशिकेवर वेगळा क्रमांक घाला आणि एक प्रवेशिका एकालाच, हे ठळक छापा.

फसवणूक झालीच तर

लाज वाटून गप्प बसू नका. घरच्यांना सांगायला हवे, हा विचारही नंतर. आधी १९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून पहिला एक-दोन तासांचा काळ सोन्यासारखा. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ, तुमची बँक आणि समोरच्याचा मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका. तोच पुरावा आहे. त्यानंतर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा आणि अलंकार असो वा वारजे माळवाडी, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. रक्कम लहान असली तरी जा. दोन हजारांच्या पन्नास तक्रारी एकत्र आल्या की त्याच क्रमांकामागची टोळी दिसू लागते.

तुमच्याकडून हे हवे आहे

सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांनो, आज रात्रीपर्यंत ग्रुपच्या माहितीत एक ओळ घाला: 'तिकिटाचा फोटो, क्यूआर किंवा पीएनआर येथे टाकू नये.' आणि टाकणाऱ्याला रागावण्याऐवजी वैयक्तिक फोन करून समजवा.

वसतिगृहांच्या रेक्टर मॅडमना विनंती की हे आवाहन सूचनाफलकावर लावावे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेल्या मुली पहिल्यांदाच एकट्या प्रवास करत असतात आणि तिकीट न मिळाल्याच्या धास्तीत कुणावरही विश्वास टाकतात. स्त्रियांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून महर्षी कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर संस्था उभी केली आणि त्यांचेच नाव आपल्या भागाला मिळाले. तिथे शिकणाऱ्या मुलींना आपल्या पैशांचे आणि प्रवासाचे व्यवहार नीट करता यावेत, हे पाहणे आपल्या सगळ्यांचे काम आहे.

तरुणांनो, आज संध्याकाळी शेजारच्या आजी-आजोबांकडे पंधरा मिनिटे जा. त्यांच्या फोनमध्ये १९३० आणि १३९ हे क्रमांक सेव्ह करून द्या आणि त्यांचे तिकीट त्यांच्याच नावावर आहे ना, ते तपासा.

आणि ज्यांचा बेत बदलला आहे, त्यांनी तिकिटाचे काम लांबणीवर टाकू नये. घरच्याला द्यायचे तर उद्या सकाळी कागद घेऊन आरक्षण केंद्र गाठा, नाहीतर आत्ता रद्द करा. २४ तासांची मुदत कुणासाठी थांबत नाही.

हे आवाहन जरूर सगळ्या ग्रुपवर पाठवा; यात क्यूआर कोड नाही.

आपले,
कर्वेनगरमधील काही रहिवासी